ठ ची काच

अमरावतीत जवाहर गेटच्या आत, परकोटाला लागून जी अरुंद गल्ली जाते, तिच्यात ‘चित्रकिरण फोटो’ नावाचं दुकान होतं. कमलाकांत असनारे यांनी ते काढलं, आणि ते अचानक गेल्यावर त्यांच्या बायकोनं, कुंदाबाईंनी, चालवलं. बी. ए. झालेली बाई कुठल्या शाळेत मास्तरीण व्हायची सोडून गिऱ्हाइकांच्या हनुवट्या वर-खाली करत उभी राहते, याचं गल्लीला काही दिवस नवल वाटलं. मग राज्य बदललं, वऱ्हाड मुंबईला जोडलं गेलं, लोकांना बोलायला दुसरं काही मिळालं.

कुंदाबाईंचा जीव मुळातच घाबरा. नवरा गेल्यापासून तर एकुलत्या एका लेकीवर, शैलावर, नुसता टांगलेला. शाळा सुटून पोरगी जरा उशिरा आली की कुंदाबाई गिऱ्हाइकाला दिव्यासमोर तसंच ताठ बसवून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहायच्या. परत येईपर्यंत गिऱ्हाईक मान अवघडून बसलेलं. एकदा एक म्हातारे वकील म्हणाले, “बाई, मुलगी आली का? आली असेल तर मी श्वास सोडतो.”

दुकानात एकच माणूस होता कामाला, हुसेनभाई. मूळचे अकोल्याचे. फोटोच्या काचेवर, म्हणजे निगेटिव्हवर, पेन्सिलीच्या टोकानं देवीचे व्रण बुजवणं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसणं, हे त्यांचं काम. रिटचिंगला बसले की दुपारची चहाची वेळही त्यांना कळत नसे. बोलणं कमी. शैलाशी मात्र ते तोंडभर बोलत, आणि ती त्यांना चाचा म्हणे.

आता दुकानातल्या त्या निळ्या फळीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

कमलाकांत फोटोच्या काचा कधी टाकून देत नसत. कागदावरचा फोटो फाटतो, भिजतो. काच आपल्याकडे असली की पुन्हा काढून देता येतो, आणि या दुकानात काच हरवत नाही, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. काचा ठेवलेल्या होत्या साबणाच्या आणि चहाच्या रिकाम्या खोक्यांत, गवताच्या थरावर उभ्या. खोकी काही माळ्यावर, काही मागच्या खोलीत, काही जिन्याखाली. आता फोटोच्या पाठीवर ‘माळ्यावर, उजव्या हाताला, मागच्या रांगेतलं कोपऱ्यातलं खोकं’ एवढं कोण लिहिणार? म्हणून त्यांनी एका कासाराकडून पितळी पत्र्याची अक्षरं कापून घेतली होती. फोटोच्या पाठीवर नुसतं एक अक्षर आणि काचेचा आकडा. दुकानात, खिडकीजवळ, निळ्या रंगाची फळी. तिच्यावर खिळे, आणि खिळ्यांवर ती अक्षरं अडकवलेली. फळी म्हणजे दुकानाचा नकाशाच होता. वरची ओळ माळ्याची, मधली मागच्या खोलीची, खालची जिन्याखालची. जो खिळा, ती जागा. अक्षर ज्या खिळ्यावर, त्याचं खोकं त्या जागी.

यातली गंमत अशी, की खोक्याला वाळवी लागली किंवा वरून पाणी गळालं, तर कमलाकांत काचा दुसऱ्या जागी हलवत आणि फळीवर तेवढं अक्षर उचलून नव्या खिळ्याला अडकवत. लोकांच्या घरी भिंतींवर टांगलेल्या फोटोंवरची खूण बदलायला नको. पण खिळ्यांवर काही लिहिलेलं नव्हतं. ते त्यांच्या आणि हुसेनभाईंच्या डोक्यात होतं. पाहणाऱ्याला दिसायचं ते एवढंच, की ‘म’च्या शेजारी ‘ख’ आहे, त्याच्या शेजारी ‘त’, आणि ‘ठ’ कुठंतरी खाली. कुंदाबाई गल्ल्यावर बसत, फोटोंना हातानं रंग भरत. काचा आणून द्यायला आधी नवरा होता, मग हुसेनभाई. त्यामुळे फळीकडे त्या रोज पाहत, पण ती वाचायची कशी, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

नवरा गेल्यावरचं वर्ष सण न करता गेलं. दुसऱ्या वर्षी दसरा आला. हुसेनभाई बहिणीच्या लग्नासाठी अकोल्याला गेले होते. दसऱ्याला हत्यारांची पूजा, आणि या दुकानाची हत्यारं म्हणजे कॅमेरा, तिवई, कात्री, धुण्याचे ट्रे, आणि हो, पत्र्याची अक्षरंही. कमलाकांत दरवर्षी ती उतरवून चिंचेनं घासत, प्रत्येकाला कुंकवाचं बोट लावत आणि पुन्हा अडकवत. कुंदाबाईंनीही तसंच केलं. शैलानं अक्षरं घासून लखलखीत केली, सोन्याची पानं वाहिली, आणि दिवेलागणीला अक्षरं परत लावताना कुंदाबाईंच्या मनात आलं, आता तरी हा घोळ सरळ करावा. त्यांनी ‘अ’पासून सुरुवात केली आणि वर्णमाला ओळीनं लावून टाकली.

“इतकी वर्षं तुझ्या बाबांना साधी बाराखडी लावता आली नाही,” त्या शैलाला हसून म्हणाल्या. दुकानाला आपला हात लागला असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. ते हसू पुढे त्यांना फार दिवस आठवत राहिलं.

हुसेनभाई परत आले. त्यांनी फळी पाहिली, क्षणभर थांबले, आणि डार्करूममध्ये निघून गेले.

दिवाळी झाल्यावर तिवशाहून एक बाई आली. पंचफुला तिचं नाव. नऊवारीच्या ओच्यातून तिनं पुठ्ठ्यावरचा एक फोटो काढला. पावसाळ्यात भिंतीला ओल आली होती, फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला, आणि सोडवायला गेली तर चेहराच सोलून निघाला. खुर्चीवर उभी असलेली एक पोर, झालरीचा फ्रॉक, हातात कागदाचं फूल, मागे पडद्यावर रंगवलेलं तळं. मानेच्या वर नुसता पांढरा डाग.

“माही वच्छी हाये,” ती म्हणाली. “मुदतीच्या तापानं गेली. तुमच्या मालकानं सांगतलं होतं, काच राह्यते म्हनून. मले चेहरा पाह्यजे, बाई. आता मले तिचा चेहरा नीट आठवत नाई.”

पोर शैलाच्याच वयाची झाली असती. कुंदाबाईंनी फोटो उलटा करून पाहिला. पाठीवर नवऱ्याच्या वळणदार हस्ताक्षरात ‘ठ’, पुढे आकडा. त्यांनी मोठ्या भरवशानं तिला पुढच्या बाजारी यायला सांगितलं. या दुकानात काच हरवत नाही, हेही सांगितलं.

हुसेनभाई त्या दिवसांत बडनेऱ्याला होते, रेल्वेच्या बाबूंचे ग्रुप फोटो काढायला. कुंदाबाई स्वतःच शोधायला लागल्या. फळीचा अर्थ त्यांनी अंदाजानंच लावला होता, मधली ओळ म्हणजे मागची खोली; दसऱ्याला आपण हलवलेली अक्षरं मात्र त्यांच्या ध्यानातही नव्हती. ‘ठ’ मधल्या ओळीत होता. त्या जागचं खोकं काढलं. त्या आकड्याची काच उजेडात धरली तर एक जाडजूड वरबाप मिशीला पीळ देऊन उभा. शेजारची काढली, मागची काढली. लग्नंच लग्नं. त्यांनी तीन-चार खोकी उपसली आणि मग हात टेकले.

बाजाराच्या दिवशी पंचफुला आली. अंघोळ करून, कोरं लुगडं नेसून आली होती, जशी काही पोरीलाच न्यायला आली. तिला पाहिलं आणि कुंदाबाईंच्या तोंडून सापडत नाही हे शब्द निघेनात. सापडत नाही म्हणजे हलगर्जीपणा. नवऱ्यानं मिरवलेला दुकानाचा लौकिक आपल्या हातून गेला असं होईल. फुटली म्हटलं तर निदान कुणाचा इलाज नाही.

“काच फुटली हो,” त्या म्हणाल्या.

पंचफुलानं हातातली पिशवी खाली ठेवली. मग तिनं विचारलं, “कोनं फोडली?”

आणि तेव्हा, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, त्या बोलून गेल्या, “आमच्या हुसेनभाईंच्या हातून.”

हुसेनभाई आदल्या रात्रीच बडनेऱ्याहून परतले होते आणि सकाळपासून कामात होते; त्यांना काचेचं विचारायचं राहून गेलं होतं. डार्करूमच्या काळ्या पडद्याआड ते होते. पडदा हलला आणि ते बाहेर आले. कुंदाबाईंना वाटलं, आता हा माणूस म्हणणार, मी तर इथं नव्हतोच.

पंचफुला त्यांच्याकडे वळली. “हात झडो तुहा,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. “माह्या लेकराले दुसऱ्यांदा मारलं तुनं.”

हुसेनभाईंनी एकदा कुंदाबाईंकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाले, “माफ करजा, माय.”

बाई गेली. हुसेनभाई आत गेले आणि काचा धुवायला लागले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

त्या दिवसापासून कुंदाबाईंना झोप लागेना. पण झोप न लागणाऱ्या माणसाचं मन स्वतःला सोडवायची वाट शोधतंच. त्यांना वाटायला लागलं, काच हरवली ती शेवटी हुसेनभाईंच्याच निष्काळजीपणानं ना? खोकी तेच हाताळतात. मग आपण बोललो ते अगदीच खोटं कसं? जुन्या फोटोंची आणखी दोन-तीन कामं आली, आणि एकही काच जागेवर सापडेना, तेव्हा हे मत पक्कंच झालं. हुसेनभाई एकदा स्वतः येऊन म्हणाले, “बाई, ‘प’च्या खोक्यात भलतंच हाये.” कुंदाबाई मान वर न करता म्हणाल्या, “ते तुम्हालाच ठाऊक असायला हवं.” त्यांना आणखी काहीतरी विचारायचं होतं. ते न विचारताच ते परत कामाला बसले.

संक्रांतीच्या सुमारास त्यांनी सांगितलं, अकोल्यात मेहुण्याचं फोटोचं दुकान आहे, तिकडे बोलावतो आहे. कारण विचारायची कुंदाबाईंना हिंमत झाली नाही. जाताना त्यांनी शैलाला रिटचिंगची एक बारीक पेन्सिल दिली. शैला दोन दिवस आईशी बोलली नाही. मग म्हणाली, “चाचांनी काच फोडली असती तर त्यांनी त्याच दिवशी सांगितलं असतं.” कुंदाबाईंनी तिला अभ्यासाला बसवलं.

फाल्गुनात त्यांनी ठरवलं, आता सगळी खोकी नव्यानं मांडायची, प्रत्येकावर रंगानं अक्षर घालायचं आणि ती फळी काढून टाकायची. दुपारची वेळ, गल्ली सुस्त. खिडकीतून ऊन सरळ फळीवर पडलं होतं. त्यांनी एकेक अक्षर उतरवायला सुरुवात केली. वरची ओळ रिकामी झाली आणि त्या स्टुलावरच थांबल्या.

फळीचा निळा रंग उन्हानं विटून राखी झाला होता. पण जिथं अक्षरं वर्षानुवर्षं लोंबत होती तिथं ऊन पोचलं नव्हतं. त्या त्या जागी रंग मूळचा गडद निळा राहिला होता, अक्षराच्या आकारात; दसऱ्याला दिवेलागणीच्या उजेडात ते दिसलं नव्हतं. नवरा कागदावर काच ठेवून उन्हात छापा काढायचा, तसा उन्हानं फळीवर छापा काढून ठेवला होता. पहिल्या खिळ्याखाली, जिथून त्यांनी आत्ता ‘अ’ काढला, तिथं ‘म’ होता. त्याच्या शेजारी ‘ख’. मग ‘त’.

त्यांनी भराभर सगळी अक्षरं उतरवली. सगळा जुना घोळ डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि तो घोळ नव्हताच. खोकी आपल्या जागी होती. काचा आपल्या जागी होत्या. कुणी काही हरवलं नव्हतं, कुणी काही फोडलं नव्हतं. खोकं एकीकडे आणि त्याचं नाव दुसरीकडे, असं करून ठेवलं होतं ते त्यांनीच, दसऱ्याच्या संध्याकाळी, लेकीबरोबर हसत हसत.

त्या स्टुलावरून उतरल्या आणि खाली फरशीवर बसल्या. पत्र्याची अक्षरं पदरात होती. हात झडो तुहा, हे शब्द त्यांना ऐकू आले, आणि ते आपल्या हातांना लागतात हे पहिल्यांदा कळलं.

मग त्या उठल्या. ‘ठ’ची खूण दोन ठिकाणी होती. एक फिकट, माळ्याच्या ओळीत. एक गडद, जिन्याखाली. म्हणजे कधीतरी ते अक्षर वरून खाली आलेलं. फिकट ती जुनी जागा, गडद ती नंतरची, एवढा अंदाज फोटोग्राफरच्या बायकोला करता येत होता. त्या जिन्याखाली वाकल्या. तिथं पुढेच एक नवं खोकं होतं, दसऱ्यानंतरच्या काचांचं. हुसेनभाईंनी ते नव्या फळीप्रमाणे, त्या खिळ्यावर कुंदाबाईंनी लावलेल्या अक्षराच्या जागी, नेमकं ठेवलं होतं. ते ओढून काढलं तेव्हा मागे साबणाचं जुनं खोकं दिसलं. आकड्याची काच काढून त्यांनी उजेडात धरली. उलट्या छायेत काळा चेहरा, पांढरे केस, हातात काळं फूल. खुर्चीवर उभी राहून वच्छी त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

फोटो त्यांनी स्वतःच मोठा केला. रंग भरला नाही. आपल्या रंगाच्या हातावरचा विश्वास उडाला होता. दुसऱ्या दिवशी शैलाला शेजारी सोपवून, जीव मुठीत धरून, त्या तिवशाच्या मोटारीत बसल्या.

पंचफुला अंगणात तुरीच्या काड्या मोडत होती. कुंदाबाईंनी फोटो तिच्यापुढे धरला. तिनं लुगड्याला हात पुसले, परत पुसले, आणि बोटानं कागदाला न शिवता वरूनच डोळ्याखालचा तीळ दाखवला. “ह्यो डोयाखालचा तीय. पाह्य ना, तीय मी इसरलीच होती.”

ती रडली, मग हसली, मग पाणी आणायला उठली. कुंदाबाईंनी तिला थांबवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. काच फुटलीच नव्हती. हुसेनभाई त्या दिवसांत गावात नव्हते. दोष माझा होता आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं.

पंचफुला ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून कुंदाबाई वाट पाहत होत्या. तो आला असता तर बरं झालं असतं. पण ती वेगळ्याच काळजीत पडली होती.

“मंग त्या मानसाले म्या काहून शिव्या देल्या?” ती म्हणाली. “त्याचे हात… त्याले काही झालं तं नाई ना? कुठी हाये तो?”

“अकोल्याला.”

“मले घेऊन चाला.”

अशा त्या दोघी अकोल्याला गेल्या. रेल्वेच्या डब्यात पंचफुला फोटो पिशवीत उभा धरून बसली होती, आणि मधून मधून कुंदाबाईंना विचारत होती, तो पेन्सिलीचं काम करतो म्हणता ना, मग हात नीट असल्याशिवाय कसं जमेल. कुंदाबाई हो म्हणत होत्या. खरं तर त्यांनाही मनात तीच भीती बसली होती. बी. ए. ला शिकलेलं तर्कशास्त्र काही कामाला येत नव्हतं.

ताजनापेठेतलं दुकान लहान होतं. हुसेनभाई खिडकीशी काच तिरपी धरून बसले होते. या दोघींना पाहून ते उठले. पंचफुलानं त्यांचा उजवा हात धरला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि स्वतःच्या कपाळाला लावला.

“म्या बोलली ते वापस घेतलं, भाऊ,” ती म्हणाली. “पोरीच्या गळ्याची आन.”

हुसेनभाई गडबडले. मेहुण्याकडे पाहून, चहा सांगा, असं काहीतरी म्हणाले. पंचफुलानं फोटो काढून त्यांच्या हातात दिला, आणि ते तो कारागिराच्या नजरेनं पाहायला लागले. छापा छान आला, म्हणाले.

तिला जे आल्या आल्या जमलं ते कुंदाबाईंना चहा संपेपर्यंत जमलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, “हुसेनभाई, त्या दिवशी मी खोटं बोलले. तुम्ही पडद्यामागून ऐकलंत. मग गप्प का राहिलात?”

हुसेनभाईंनी काच बाजूला ठेवली.

“मी लग्नाहून आलो तं अक्षरं ओळीनं लागली होती. मले वाटलं, बाईनं खोकी बी ओळीनं लावली. शिकलेली बाई हाये, तिनं हिसाबानं केलं असन. मंग तुमी म्हनल्या काच फुटली. मी समजलो, खोकी हलवतानी तुमच्याच हातून फुटली. मालकाच्या माघारी, लेकरूवाली बाई, दुकान नवं नवं हाती आलं.” ते थांबले. “मी म्हनलं, घेऊ आपल्यावर. आपलं काय जाते.”

“आणि ‘प’चं विचारायला आलात तेव्हा?”

“तवा तुमी बोलल्या त्यावरून मले वाटलं, का तुमी मलेच चोर समजता.”

कुंदाबाईंना रडता आलं असतं तर बरं झालं असतं, पण पंचफुलासमोर, मेहुण्यासमोर, त्यांना ते जमलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, की परत या. हुसेनभाई हसले. आता इथं बसलं बस्तान, म्हणाले. पण मग विचारलं, “आता फळी कशी लावली?”

“जुन्या खुणांप्रमाणे.”

“मंग दसऱ्याच्या पुढच्या काचा चुकन. त्या मी नव्या फळीच्या हिसाबानं ठेवल्या. कोनची कुठी ते मलेच माहीत.” त्यांनी जरा विचार केला. “इतवारी येतो.”

ते काही रविवार आले. सकाळच्या गाडीनं येत, खोकी काढून बसत, कुंदाबाई काचा उजेडात धरून आकडे वाचत आणि ते एकेक काच तिच्या जागी लावत. पैसे घेतले नाहीत. जेवायला थांबा म्हटलं तर भाकरी बांधून आणलेली असे. शैलाशी पूर्वीसारखेच बोलत. कुंदाबाईंशीही नीट बोलत, पाहुण्यानं बोलावं तसं. काम संपलं त्या दिवशी त्यांनी सगळी अक्षरं आपापल्या खिळ्याला अडकवली, ‘ठ’ शेवटी, आणि संध्याकाळची गाडी धरली. पुन्हा ते दुकानात आले नाहीत.

कुंदाबाईंनी मग खिळ्याखिळ्याशी जागांची नावं रंगवून घेतली. पुढे शैला मॅट्रिक झाली, कॉलेजात गेली, दुकान फिल्मवर आलं, काचा कुणी मागेनासं झालं. दसऱ्याला पूजा होत राहिली. अक्षरं मात्र त्यांनी परत कधी उतरवली नाहीत. होती तिथंच, स्टुलावर चढून, एकेकाला कुंकू लावत. ‘ठ’पाशी त्यांचा हात थांबे. शैला खालून कुंकवाची वाटी आणखी वर धरी.